न मारलेली लाथ

आकारामनं कडेगावच्या बाजारात दाढ उपटून घेतली ती ठणठणीत होती. दाढा उपटणारा लिंबाच्या सावलीत पोतं टाकून बसायचा. त्यानं सांडशीत धरलेली दाढ उन्हात फिरवून बघितली आणि म्हणाला, "पैलवान, कीड न्हाई हिच्यात."

"मग दुसरी काढ," आकाराम म्हणाला.

दुसरीही काढली. तिच्यातही कीड नव्हती. तोंडात कापूस कोंबून आकाराम उठला आणि गावापर्यंतचे तीन मैल रक्त थुंकत चालत आला. वाटेत त्याला सात वेळा थांबावं लागलं, कारण जबडा अजून दुखतच होता.

शहाण्णव सालचा वैशाख. ऊन असलं की कावळा तारेवर बसला तर पाय भाजून ओरडायचा. आकाराम तेव्हा बावन्न वर्षांचा. त्याची छाती म्हणजे काय सांगावं, उताणा झोपला की दोन माणसांनी वर बसून पान जमवावं आणि तिसऱ्यानं पिचकारी टाकायला जागा शोधावी. तरुणपणी त्यानं मैदानात एकाला असा भिरकावला होता, की तो खाली येईपर्यंत पंचांनी चहा घेतला. मी तिथं होतो. चहा मीही घेतला. असल्या माणसाला काही होतंय हे त्याच्या स्वतःच्याही डोक्यात शिरणं शक्य नव्हतं.

बायको बनुबाई दारात बसून डाळ निवडत होती. त्याच्या सदऱ्यावरचं रक्त बघून तिनं विचारलं, "ऱ्हायली का कळ?"

"ऱ्हाईल."

"बसल्यावर दुखतंय का?"

"बसल्यावर न्हाई. चाललं, वझं उचललं की धरतंय. हितनं हितपतूर." त्यानं डाव्या जबड्यापासून गळ्यापर्यंत बोट फिरवलं.

"आवं, दात काय चालायला जात्यात का, चालल्यावर दुखायला?"

त्यानं हातातला पितळी तांब्या फेकला. तो तिच्या खांद्याला लागून भिंतीवर आदळला. तिनं तांब्या उचलला, पोचा आला ती बाजू चुलीकडं फिरवून ठेवली आणि परत डाळ निवडायला लागली. त्या घरात पोचा नसलेलं भांडं नव्हतं. लेक लग्न होऊन शिराळ्याला गेली होती, पोरगा मिलिटरीत जम्मूला. मार वाटून घ्यायला आता घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बांधावर गेला. चुलतभाऊ नानासोनं ट्रॅक्टरनं नांगरताना सामायिक बांध हातभर खाल्ला होता, आणि आकाराम तो खोऱ्यानं माती ओढून परत घालत होता. नानासो रोज सकाळी एक तास कोरायचा, आकाराम दिवसभर घालायचा. चार दिवस हेच. बांध दोघांत असा सरकत होता की मुंग्यांनीसुद्धा तिथलं बीळ मोडून दुसरीकडं बिऱ्हाड केलं.

त्या दिवशी आकारामचं काम ओढेना. दहा खोरी माती ओढली की छातीवर कुणी जातं आणून ठेवल्यासारखं जड व्हायचं. तो खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा. थांबलं की जातं उचललं जायचं. ढेकर यायचे, पण आल्यावर बरं वाटत नव्हतं. डाव्या हाताला खांद्यापासून करंगळीपर्यंत मुंग्या येत होत्या.

"हात जुना मोडलेलाय," तो बनुबाईला म्हणाला. ती भाकरी घेऊन आली होती. "शिराळ्याच्या मैदानात निखळलेला. आणि काल तुझ्या वांग्यानं पित्त केलंय. सोडा आण."

"सोडा आणते. पण तुमी सावलीत बसा. तोंड कसं झालंय बघा, चुन्यागत."

"तोंड माझंय."

तिनं सोडा आणला. त्यानं चिमूटभर सोड्याऐवजी मूठभर खाल्ला, आणि असा ढेकर दिला की दोन शेतं पल्याडचं कुत्रं मालकाला सोडून पळालं. जातं मात्र छातीवरच राहिलं. बांधाच्या कडेला त्याचा पांढरा बैल उभा होता. आपण दम खात उभे असताना बैल आपल्याकडं बघतो, एवढ्या कारणावरून आकारामनं त्याला चाबकानं पाठीवर वळ उठेस्तोवर मारलं. मारताना हात गळाला, चाबूक खाली पडला. तो उचलायला वाकला तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली. बनुबाईनं हे बघितलं. तिनं चाबूक उचलून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नानासो ट्रॅक्टर घेऊन बांधाला आला तर आकाराम बांधावर आडवाच झोपलेला.

"ऊठ, दादा," नानासो वरून म्हणाला. "अंगावर घालीन."

"घाल. एका बापाचा असशील तर घाल."

"बाप तुझा नि माझा भाऊ भाऊ हुते रं. बाप काढून कुणाचं काय निघायचं?"

"बांध निघंल."

नानासो खाली उतरला. तो पंचेचाळीसचा, सडपातळ, तोंडानं तिखट. त्यानं येताना आकारामचं खोरं उचललं आणि उलटा दांडा आकारामच्या उजव्या बरगडीवर घातला. आवाज असा झाला की पलीकडच्या वाडीतली माणसं कुठं लाकूड मोडलं म्हणून बाहेर आली. आकाराम उठला. त्यानं नानासोच्या कमरेला हात घातला, त्याला डोक्यावर घेतला आणि उसाच्या सरीत उभा रोवला. आता गुडघ्यापर्यंत म्हणतो, खरं घोट्यापर्यंत असेल. मग तीन थोबाडीत दिल्या. नानासोनं त्याच्या हाताचा चावा घेतला. आकारामनं केस धरून त्याचं तोंड मातीत घासलं. दोन्ही घरच्या बायका आल्या, ओढाताण झाली, एकीचं लुगडं फाटलं, एकीची कवळी सरीत पडली ती पावसाळ्यात उगवली असं लोक म्हणतात. शेवटी नानासो थुंकत, एक डोळा मिटून घरी गेला आणि आकाराम बांधावर एकटा उभा राहिला. जिंकलेला होता. पण त्यानं मिशीला हात लावला नाही. तो हात छातीवर होता, मूठ आवळून.

घरी आला तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. भाकरी पुढं आली ती त्यानं सारली. सोप्यातल्या खांबाला पाठ लावून बसला. झोपवलं तर झोपेना, "दम कोंडतोय" म्हणून उठून बसायचा. अंगातून घाम निथळत होता, आणि बाहेर वैशाख भाजत असताना तो घाम रांजणाच्या पाण्यासारखा गार होता. एकदा उलटी झाली.

बातमी पसरली. पहिली आली ती हरणाबाई, नानासोची आई, आकारामची चुलती. तिच्या पदरात ओवा होता, आणि पोराच्या दांड्याची धास्ती पण तिथंच बांधलेली होती. तिच्यामागं शेजारचा सिद्धू, आणि मग दहा-पंधरा माणसं. मी पण होतोच.

हरणाबाईनं ओवा चघळायला दिला, पाठीवरून हात फिरवला, आणि निकाल दिला. "उसण भरलीय. बांधावर हिसका बसला, तवा भरली. बने, बघत काय बसलीस? घाल लाथ."

बनुबाई पायाळू होती. आईच्या पोटातून पायाकडनं आलेली. आमच्याकडं पाठीत, छातीत उसण भरली की माणसाला पालथं घालतात आणि पायाळूनं डाव्या पायानं तीन लाथा घातल्या की उसण निघते. बनुबाईच्या लाथेची ख्याती मोठी. विट्यापासून लोक यायचे. एकदा एक फौजदार येऊन गेला, लाथ खाऊन सलाम करून गेला. पण पंचवीस वर्षांत तिनं नवऱ्याला पाय लावला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. पाय लावायचं काम त्या घरात दुसऱ्याकडं होतं.

त्यामुळं माणसांना जरा हुरूप आला. सिद्धू म्हणाला, "वयनी, नीट नेम धरा. असली संधी परत न्हाई."

कुणीतरी म्हणालं, "तीनवर थांबू नगा. मागची बाकी बी काढा."

हसले सगळे. आकारामही ओठ ताणून म्हणाला, "घाल गं. जीव चाललाय कळंनं." आणि तो आपण होऊन खांबाला हात लावून वाकला, पाठ तिच्याकडं करून.

बनुबाईनं नेसूचा काठ कमरेला खोचला. मागं दोन पावलं गेली. पाय उचलला.

तिच्यासमोर त्याची मान होती. मानेवरून घाम मण्यांसारखा उतरत होता. कानाच्या पाळ्या राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी तिनं असल्याच पाळ्या बघितल्या होत्या, आपल्या बापाच्या. बाप म्हणाला होता पित्त झालंय, मग म्हणाला खांदा धरलाय, मग घामानं सदरा पिळून काढला, आणि तालुक्याला न्यायचं सोडून सगळ्यांनी तिलाच बोलावून आणलं. पोरगी पायाळू असताना डॉक्टर कशाला? तिनं बापाला पहिली लाथ घातली. दुसरीला बाप नव्हता. लोक म्हणाले, आयुष्य सरलं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर लाथ घालण्याआधी ती माणसाच्या पाळ्या बघायची.

तिनं पाय खाली टेकवला.

"ही उसण न्हाई."

"म्हंजे?" हरणाबाई म्हणाली.

"उसण भरल्यालं माणूस हालत न्हाई, दम सुदीक चोरून घेतंय. त्याला घाम फुटत न्हाई. ह्यांना तीन दिस झालं. आधी जबडा, मग हात, आता छाती. आणि मार उजवीकडं लागलाय, कळ मधी हाय. हे काळजाचं दुखणं हाय. कऱ्हाडला न्यायचं."

"लाथ घाल," आकाराम म्हणाला.

"न्हाई घालत."

तो वळला. उभा राहिला आणि तिच्या तोंडात मारली. ती चुलीपर्यंत गेली, उलथनं, परात, तवा सगळं खाली आलं. मारणारा हात त्यानं परत छातीशी नेला आणि खांबाला घासत खाली बसला. दम लागून त्याला शिवीसुद्धा पुरी देता येईना. बनुबाई ओठाचं रक्त पदरानं टिपत उठली आणि सिद्धूला म्हणाली, "नानासो भावजींची जीप घेऊन या."

गावात गाडी तेवढी एकच.

"त्याच्या जीपमधी," आकाराम म्हणाला, एकेक शब्द वेगळा काढत, "माझं मडं बी बसणार न्हाई."

"मड्याचं मी मागनं बघते. आत्ता जित्याचं बघू द्या."

नानासो आला, पण जीप न घेता. एक डोळा सुजून बंद झालेला. उरलेल्या डोळ्यानं त्यानं आकारामला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो आईच्या कानाला लागला. हळू बोलत होता, पण सोप्यात सगळ्यांना ऐकू आलं.

"ह्यो मेला तर माझ्यावर तीनशे दोन लागतंय, आये. दांडा सगळ्यांनी बघितलाय."

हरणाबाईनं मान हलवली आणि बनुबाईकडं वळून गोड आवाज काढला. "बने, असं कर. आधी तीन लाथा घाल. गुण न्हाई आला तर मग जीप हायेच की. लाथंनं का कुठं कोण मरतंय?"

बनुबाईला कळायला वेळ लागला नाही. लाथेनंतर मेला तर लाथेनं मेला. दांडा सुटला. तिनं चुलतसासूकडं बघितलं, मग नानासोकडं.

"भावजी, नीट ऐका. लाथ मी घालणार न्हाई. हे हितं सोप्यात मेलं तर तुमच्या दांड्यानं मेलं, असं मी फौजदाराला सांगीन, आणि रोज जाऊन सांगीन. आणि कऱ्हाडला जित्तं पोचलं तर मी दांडा बघितलाच न्हाई. ठरवा."

नानासोनं ठरवायला दोन दम घेतले. मग तो धावला. तो धावला तसा गावात आजवर कोणी धावलं नाही. वाटेतल्या कोंबड्या चार दिवस अंडी घालायला विसरल्या.

जीप दारात आली, पण आकाराम उठेना. उठला तो कोपऱ्यातलं खोरं घेऊन. पाठ भिंतीला, खोरं आडवं. "पुढं या कोण येतोय," एवढं म्हणाला. सिद्धू पुढं गेला तर पातं त्याच्या नडगीला लागलं, नडगी फुटली. दोघेजण मागं सरले. पैलवान मरायला टेकला तरी पैलवानच. त्यातून त्याला धरताना काही झालं तर आपल्या हातून झालं, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात.

बनुबाई बाजूनं गोठ्यात गेली आणि पांढऱ्या बैलाचं दावं सोडून आणलं. नवरा सिद्धूकडं बघत भिंतीपासून पाऊलभर पुढं आला तेव्हा तिनं खाली बसून त्याच्या दोन्ही गुडघ्यांना मागून मिठी घातली आणि पुढं रेटलं. हा डाव ती कुठल्या तालमीत शिकली देव जाणे. पंचवीस वर्षं मार खाताना माणूस मारणाऱ्याचे पाय बघून ठेवत असेल. आकाराम तोंडावर पडला. जमिनीला ओठ फाटला, भुवई फुटली. तो उलटायच्या आत ती त्याच्या पायांवर बसली, दोन वेढे घातले, गाठ मारली, मग हातांना. बैलाला बांधतात ती गाठ, ओढावी तशी आवळणारी.

"उचला," ती म्हणाली. "आता खोरं न्हाई त्यांच्या हातात."

सहा जणांनी उचलला. जीपमध्ये घालताना फळीवर डोकं आपटलं. ती मागं चढली, त्याला पाठीला टेका देऊन बसता केला आणि त्याच्या पायांवर बसली. नानासोनं गाडी सोडली. मी मागं लोंबकळत होतो. कोणीतरी बघायला हवं होतं.

कडेगावपर्यंत आकाराम शिव्या देत होता. नानासोला, नानासोच्या ट्रॅक्टरला, ट्रॅक्टर बनवणाऱ्याला, बायकोला, बायकोच्या पायांना. कडेगावच्या डॉक्टरनं जीपपाशीच येऊन नाडी धरली, छातीला नळी लावली, आणि त्याचा चेहरा बदलला. एक गोळी चावायला दिली, एक जिभेखाली ठेवायला लावली. ठेवताना आकारामनं त्याचं बोट चावलं.

"कधीपासून?" डॉक्टरनं बोट झाडत विचारलं.

"तीन दिस," बनुबाई म्हणाली. "जास्ती दोन तासांपासून."

"तीन दिवस काय करत होता?"

"दाढा काढत हुतो," आकाराम म्हणाला.

डॉक्टरला ते समजलं नाही. तो नानासोला एवढंच म्हणाला, "कऱ्हाड. कुठं थांबू नको."

कडेगाव सोडल्यावर आकारामच्या शिव्या विरळ झाल्या. पुढं एक-दोनच. मग एकही नाही. त्याची मान जीपच्या धक्क्यांबरोबर हलायला लागली. बनुबाईनं दावं सोडलं, त्याचे हात चोळले. हात गार.

"आवं," ती म्हणाली. "शिव्या द्या."

तिनं त्याची हनुवटी वर धरली.

"आवं, मला द्या. माझ्या बाला द्या. त्यो मेलाय, त्याला लागायच्या न्हाईत." तिनं त्याच्या गालावर मारली. जोरात. "नानासो भावजींच्या आईला द्या. भावजी, तुमची काय हरकत?"

"दे, दादा," नानासो पुढून म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "माझ्या आयेला दे. पायजे तेवढ्या दे."

बराच वेळ काही नाही. मग आकारामच्या फाटक्या ओठांतून एक शिवी आली. बारीक, पण घसघशीत. नानासोनं गाडी अशी हाणली की आम्ही कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा जीपची सावली अजून पुलावरच होती. दर मैलाला बनुबाई गालावर मारायची आणि दर मैलाला एक शिवी मिळायची. कऱ्हाडच्या दवाखान्याच्या दारात शेवटची मिळाली.

तिथं त्याला आत नेलं आणि दार लावलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आला. तरुण होता, चष्म्याचा.

"झटका मोठा आहे. काळजाची रक्ताची वाट बंद झाली होती, इंजेक्शनं दिलीत. अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही." मग त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "बरगडीला मुका मार आहे. ओठ, भुवई, हाताला दाव्याचे वळ. हे कोणी केलं? मला वर कळवावं लागेल."

नानासो भिंतीला टेकला. त्याचा चांगला डोळासुद्धा मिटला.

"मी केलं," बनुबाई म्हणाली. "येत न्हवते. पाडलं, बांधलं, आणलं."

"तुम्ही? एकटीनं?"

"व्हय."

डॉक्टरनं तिचा सुजलेला गाल बघितला, तिच्या मनगटाएवढा नवऱ्याचा अंगठा आठवला असेल, आणि पुढं काही लिहिलं नाही.

दोन दिवस ती दारापाशी फरशीवर बसून होती. नानासो घरी गेला नाही. चहा आणायचा, तिनं घेतला नाही तर स्वतः प्यायचा. तिसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. आकाराम नळ्यांमध्ये पडला होता. ती छाती आता झोपल्या कुत्र्यासारखी हळूहळू वरखाली होत होती. चेहऱ्यावरची राख गेली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"डाक्टर म्हणला," तो हळू म्हणाला, "लाथ बसली असती तर खेळ खलास हुता."

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"धा-पंधरा माणसं म्हणत हुती घाल. मी बी म्हणत हुतो. कुणी तुला बोल लावला नसता." त्यानं दम घेतला. "मी तुला पंचवीस वरसं मारली. मग का न्हाई घातलीस?"

बनुबाईनं त्याच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली, कडेनं दुमडून घट्ट खोचली, हात आत राहतील अशी.

"एका लाथंत माझं भागत न्हवतं," ती म्हणाली.